धामापूरच्या तळ्याकाठी चालायला जायचंय, तर...

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दादा-वहिनी डोंबिवलीहून येतायत, सोबत दोन्ही पोरं, आणि यावेळी फर्माईश अशी की नुसतं बीच-बीच नको, जरा जंगलात चालायला जाऊया, पण सोप्पं काहीतरी हां, आईला पण नेता आलं पाहिजे. आई म्हणजे माझी मोठी काकी, वय पासष्टच्या पुढे, डावा गुडघा कुरकुरतो, पण घरी बस म्हटलं तर तोंड फुगवून बसणार. दादाने ग्रुपवर लगेच प्लॅनही टाकला. सकाळी आठला मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, अकरा ते एक ‘लेक ट्रेक’, मग मच्छी थाळी, मग तारकर्ली. मी वाचलं आणि सरळ लिहिलं, नाही.

किल्ल्याचं काय, तो साडेतीनशे वर्षं तिथेच उभा आहे, दुसऱ्या दिवशी बघता येईल. पण अकरा ते एक ही कोकणात चालायची वेळच नाही, डिसेंबर असला तरी. पुण्याच्या लोकांना थंडी म्हणजे दिवसभर थंडी वाटते, आमच्याकडे पहाटे गोधडी लागते आणि दहा वाजले की शर्ट पाठीला चिकटतो. हवेत दमटपणा असतो त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही, अंग थंडच होत नाही, सपाटीवर चालूनसुद्धा माणूस थकतो आणि मग म्हणतो की अरे एवढंसं तर चाललो.

तर जागा मी सुचवली धामापूर. कुडाळहून मालवणला चौकेमार्गे जाताना नेरूरपारचा पूल लागतो, कर्ली नदी ओलांडली की काळसे आणि मग धामापूर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे तळं नैसर्गिक नाही, बांधलेलं आहे, १५३० साली, विजयनगरच्या राजवटीतल्या नागेश देसाई या मांडलिकाने. डोंगरांच्या मधे मातीचा बांध घातला आणि पाणी अडवलं, बस्स. सिमेंट नाही, लोखंड नाही, आणि जवळपास पाचशे वर्षं धामापूर-काळशाच्या शेतीला, माडा-पोफळींना ते पाणी मिळतंय, मालवण शहराचं पिण्याचं पाणी पण इथूनच जातं. २०२० मध्ये सिंचन आणि निचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला, महाराष्ट्रातलं पहिलंच. काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि बाजूच्या डोंगरांवरून झाडी थेट पाण्यापर्यंत आलेली.

जागा काकीने एका वाक्यात पास केली. ‘माका धामापुराक न्हेतास तर येतंय, किल्ल्यार चढाक माका जमाचा नाय.’ झालं, विषय संपला.

आता खरा प्रश्न. दादाने विचारलं किती किलोमीटरचा ट्रेल आहे, आणि पुतण्याने, जो चौदा वर्षांचा आहे आणि ज्याला सगळं ॲपवर रेकॉर्ड करायचं असतं, मॅप उघडून तळ्याभोवती बोट फिरवलं आणि म्हणाला आत्या फुल राउंड मारूया. इथेच सोप्या वाटेची वाट लागते बघा. मॅपवर तळ्याला गोल चक्कर दिसायला फार छान दिसते, पण सॅटेलाइट फोटोत वरून दिसतात ती झाडांची डोकी, खाली वाट आहे की करवंदीची जाळी आहे की ओहोळ आहे ते त्यातून कळत नाही. शिवाय तळ्याचा काठ काही एका जागी थांबत नाही. पावसाळ्यानंतर तळं तुडुंब असतं तेव्हा पाणी झाडांच्या मुळात असतं, तीच जागा एप्रिल-मेमध्ये कोरडी मिळते. म्हणजे मे महिन्यात कोणी काठाने चालत गेला असेल आणि त्याने तसं कुठे लिहिलं असेल, तर डिसेंबरमध्ये ती वाट पाण्याखाली असू शकते आणि तुम्हाला वरून, उतारावरून, झाडीतून जावं लागेल, आणि मग ते सोपं राहत नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की किलोमीटर मोजायचेच नाहीत, घड्याळ बघायचं. ठरलेल्या वेळेपर्यंत पुढे जायचं, वेळ झाली की जिथे असू तिथून मागे वळायचं, आलो त्याच वाटेने. गोल चक्कर नाही. गोल चक्करीत एक गंमत असते, अर्ध्याच्या पुढे गेलात आणि वाट बंद मिळाली की माणूस मागे फिरत नाही, म्हणतो आता थोडंच राहिलंय, घुसूया. आलो त्याच वाटेने परतायचं असेल तर तो मोहच नाही, येताना बघितलेला दगड, ओलांडलेला ओहोळ, सगळं ओळखीचं असतं. आणि खरं सांगू का, उलटं चालताना तीच जागा वेगळी दिसते, ऊन दुसऱ्या बाजूने येतं, जाताना न दिसलेला पक्षी दिसतो, कंटाळा वगैरे काही येत नाही.

वेळेचं गणित सांगते. सपाट डांबरी रस्त्यावर धडधाकट माणूस तासाला चार-पाच किलोमीटर सहज जातो. झाडीतल्या पायवाटेवर, सहा वर्षांची पोरगी सोबत, जी प्रत्येक शंखाजवळ आणि प्रत्येक मुंग्यांच्या रांगेजवळ उकिडवी बसणार, तिथे तासाला दोन झाले तरी पुष्कळ. तो स्कॉटलंडचा नेस्मिथ नावाचा गिर्यारोहक होता, त्याचा १८९२चा नियम अजून ट्रेकवाले वापरतात, दर पाच किलोमीटरला एक तास आणि वर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. नियम चांगला आहे पण त्यात सहा वर्षांची पोरगी धरलेली नाही, आणि कोकणातला घाम तर नाहीच नाही.

तर आमचं असं. डिसेंबरअखेर आमच्याकडे सूर्य उगवतो सातच्या आसपास. पावणेसातला कुडाळहून निघायचं, साडेसातपर्यंत देवळाकडे. आधी देवीला नमस्कार (काकी त्याशिवाय हलूच देणार नाही), पावणेआठला चालायला सुरुवात. सव्वानऊला वळायचं. कुठेही असलो तरी. पुतण्याने कितीही ‘बस त्या वळणापर्यंत’ केलं तरी. वळायच्या जागी पथारी पसरून नाश्ता, पाऊण तास नुसतं बसणं, मग सावकाश परत, साडेअकराच्या आत देवळाजवळ. ऊन तापायला लागलं की आपण सावलीत.

आणि ते पाऊण तास बसणं मी प्लॅनमध्ये मुद्दाम लिहून टाकलंय, कारण मुंबईच्या मंडळींना बसणं म्हणजे वेळ फुकट वाटतो. तळ्याकाठी चालत राहिलात तर तुम्हाला तुमचेच पाय ऐकू येणार. थांबलात की खंड्या दिसतो, पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला दिसतो, आणि उंबर किंवा वड फळावर आलेला असेल तर धनेश. धनेश आधी दिसत नाही, आधी त्याच्या पंखांचा आवाज येतो डोक्यावरून, जड, हवा कापल्यासारखा, आणि आपण वर बघेपर्यंत तो पुढच्या झाडावर. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवायचा, हे मी दादाला वेगळं सांगितलंय.

काकीचं काय? काकी पहिली पंधरा-वीस मिनिटं सोबत चालेल, जिथवर वाट सपाट आहे तिथवर, आणि मग वहिनी आणि ती मागे देवळाकडे. वहिनीनेच सांगितलं, मला पण तेवढंच पुरे. दोघी पायऱ्यांवर सावलीत बसणार, म्हणजे आमचा बेसकॅम्पच तो. त्यांना माहीत असणार आम्ही कुठल्या बाजूला गेलोय आणि कधी परत येणार, बारा वाजले तरी आलो नाही तर गावात कोणाला तरी सांगायचं. झाडीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे ‘पोचलो की फोन करतो’ हा प्रकार चालत नाही. मॅप आदल्या रात्री ऑफलाइन डाउनलोड करून ठेवायचा, हे काम पुतण्याकडे दिलंय, त्याला काहीतरी जबाबदारी दिली की तो जरा माणसात राहतो. शिवाय निघताना देवळाजवळ कोणी गाववाला भेटला की विचारायचं, सध्या वाट कुठवर चांगली आहे, गुरं कुठे जातात, काल-परवा गवा-बिवा दिसलाय का. दोन मिनिटं लागतात आणि मॅपपेक्षा जास्त कळतं.

गाडीने जायचं की एसटीने यावर घरात दोन पार्ट्या आहेत. मी एसटीवाली. कुडाळ-मालवण चौकेमार्गे गाडी पकडायची, कंडक्टरला धामापूर सांगायचं, आम्हा बायकांना २०२३ पासून हाफ तिकीट आहे. पण परतीची गाडी आपल्या वेळेला मिळेलच असं नाही आणि काकीला रस्त्यावर उभं ठेवणं बरोबर नाही, म्हणून बहुतेक दादाची गाडीच. वेळ आदल्या दिवशी स्टँडवर कंट्रोलरला विचारून येणार आहे तरीपण, बघू.

कपडे-बुटांवरून फार प्रश्न आले. महागडे ट्रेकिंग शूज नकोत, पण सपाट तळव्याची चप्पलही नको. आमचा जांभा कोरडा असला की खरखरीत, पकड मिळते, पण त्याच्यावर सुटी बारीक खडी असेल तर ती पायाखाली गोट्यांसारखी घरंगळते, आणि पाण्याजवळ जिथे शेवाळ धरलेलं असतं तिथे विचारूच नका. जुने स्पोर्ट्स शूज, तळाला नक्षी झिजलेली नसली की झालं. पँट पूर्ण लांबीची, मोजे वर ओढून पँट त्यात खोचायची. दिसायला येड्यासारखं दिसतं, दिसू दे. गोचीड हे त्याचं कारण. आपल्या जिल्ह्यात दोडामार्ग-सावंतवाडी बाजूला २०१६ पासून माकडतापाचे पेशंट सापडलेत, तो गोचिडांमुळे पसरतो आणि त्याचा सीझन साधारण डिसेंबर ते मे असा कोरडाच असतो. धामापूर त्या पट्ट्यापासून लांब आहे, घाबरून घरी बसायचं काही कारण नाही, पण पालापाचोळ्यावर थेट बसायचं नाही, चादर अंथरायची, घरी आल्यावर कपडे सगळे गरम पाण्यात आणि अंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायचं, पोरांचं आपण बघायचं. कुठे मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला १९२६ वर फोन.

सापाचं पण सांगून टाकते म्हणजे वहिनीचे मेसेज थांबतील. आमच्याकडे खरी काळजी फुरशाची. वीतभर-हातभर लांबीचं, जांभ्याच्या रंगाचंच, दगडाखाली नाहीतर पाचोळ्यात पडलेलं, दिसतच नाही. डिवचलं तर अंगाचं वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतं, खर्र खर्र असा आवाज येतो, तो आला की जागच्या जागी थांबायचं आणि मागे सरकायचं. दगड उचलायचे नाहीत, बघितल्याशिवाय हात टेकायचा नाही, ओंडका ओलांडायचा तर आधी पलीकडे बघायचं. समजा चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं काहीएक करायचं नाही, तो पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन आणि सरकारी दवाखाना, प्रतिविष तिथे मिळतं. एवढं पोरांकडून आधी पाठ करून घ्यायचं आणि मग दिवसभर त्यावर बोलायचं नाही, नाहीतर छोटी कडेवरून उतरणार नाही.

त्यापेक्षा खाजकुयलीची शक्यता जास्त आहे. वेलीवर लटकणाऱ्या तपकिरी शेंगा, मखमली लव असलेल्या, थंडीत वाळायला लागतात आणि नुसता धक्का लागला तरी लव उडते. पोरांना ती शेंग हातात घ्यावीशी वाटते म्हणजे वाटतेच. लागली की चोळायचं नाही, चोळलं की ती आणखी आत जाते, चिकटपट्टी लावून उपटायची. म्हणून पाकिटात चिकटपट्टीचं रीळ. दादा हसला होता यादीत ते वाचून, हसू दे.

पाणी प्रत्येकाला दोन लिटर, स्वतःच्या पाठीवर. छोटीचं दादाच्या. तळ्याचं पाणी समोर दिसतंय म्हणून कमी घ्यायचं नाही, आणि तळ्यात उतरायचं तर अजिबातच नाही. पोहणं नाही, साबण नाही, उष्टी भांडी विसळणं नाही, ते लोकांच्या पिण्याचं पाणी आहे. काकीचं कारण वेगळं आहे. पूर्वी म्हणे लग्नकार्यात घरात दागिने नसले की लोक परडीत फुलं ठेवून परडी तळ्यात सोडायचे, देवीला गाऱ्हाणं घालायचे, आणि परडी वर यायची ती दागिने घेऊन. कार्य झालं की दागिने तसेच परत करायचे. मग कोणीतरी एकाने ठेवून घेतले आणि देवीने देणं बंद केलं. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येकाने आपल्या आजीकडून ऐकलेली असते. ‘थंय मस्ती केलेली चलाची नाय,’ असं काकीने पोरांना फोनवरच बजावलंय, आणि माझ्या पिण्याच्या पाण्याच्या लेक्चरपेक्षा त्याचा परिणाम जास्त होणार हे मला माहीत आहे.

आता खाणं, जे मला मनापासून प्रिय आहे. सोलकढी नेऊया असं वहिनी म्हणाली, पण नारळाचा रस बाटलीत दोन-तीन तास उन्हात फिरला की आंबतो. त्याऐवजी कोकम सरबत, आगळ घालून, साखर आणि मीठ जरा हात सोडून, घामाने गेलेलं मीठ तिथेच भरून निघतं. घावणे गरम असतानाच चांगले, डब्यात त्यांचा गोळा होतो. भाकरी कडक होते. डब्यात टिकतात ते वडे. तांदूळ, उडीद, चणाडाळ, धने, मेथीचं ते दळण घरात आहेच. पहाटे पीठ मळायचं, गरम पाण्यात, केळीच्या पानावर तेलाचं बोट फिरवून हाताने थापायचे, फार पातळ नाही, तळताना टम्म फुगले पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे तळल्या तळल्या डब्यात भरायचे नाहीत. चाळणीवर उघडे पसरून पूर्ण गार होऊ द्यायचे, मग केळीच्या पानात गुंडाळून डब्यात, नाहीतर वाफ धरते आणि खाली सगळे लिबलिबीत होतात. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ, पण सुकी, वाटपाशिवाय, नुसती कांद्यावर परतून वर ओलं खोबरं पण नको, सुकं भाजलेलं. कोंबडी नाही. देवळाच्या दारात बसायचंय. दादाचा चेहरा पडेल पण संध्याकाळी घरी तिखलं करीन त्याच्यासाठी.

देवळाजवळ माकडांची शक्यता धरून चालायची, पिशव्या चेनवाल्या, हातात पिशवी धरून फिरायचं नाही. केळीची पानंसुद्धा परत आणायची, फेकायची नाहीत. शेगडी, चूल, सिगरेट काही नाही, पाचोळा वाळलेला असतो.

संध्याकाळी जाऊया का असंही एकाने विचारलंय, फोटो छान येतील म्हणून. येतील, पण त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, झाडीत साडेपाचलाच अंधारायला लागतं, आणि छोटीला घेऊन टॉर्चच्या उजेडात जांभ्यावरून चालायची हौस मला नाही. टॉर्च मात्र सकाळी पण सोबत असणार, एकच, माझ्याकडे.

पुतण्याशी तह झालाय. सव्वानऊला वळताना तो जिथवर पोचेल ती जागा मॅपवर मार्क करायची, आणि मेमध्ये पाणी खाली गेल्यावर, तो सुट्टीत आलाच तर, तिथून पुढे बघू म्हटलं. त्याने लगेच विचारलं, मेमध्ये किती वाजता निघायचं? पहाटे पाचला, मी सांगितलं. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. भाओजी पण येणार की नाही ते कळवत नाहीयेत, आणि पीठ किती घ्यायचं ते त्यावर ठरणार आहे, तर जे कोणी हे वाचून त्यांना ओळखत असेल त्यांनी कृपया फोन करायला सांगा.